उसातला पाऊण किलोमीटर

पहिल्यांदाच सांगून ठेवते, मी कुणाची परवानगी काढलेली नाही. सायकल घ्यायला नाही, डोंगरात जायला नाही आणि हे लिहायलाही नाही. माझा भाऊ हे वाचेल आणि चिडेल. चिडू दे. तो आधीच चिडलेला आहे, त्यात आणखी काय भर पडणार?

मी कसबा बावड्यात ब्लाउज शिवते. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जातो, मुलगी लग्न होऊन तिच्या घरी आहे, आणि मी तीस वर्षं त्याच खिडकीशी त्याच मशीनवर बसलेली. एकोणपन्नासावं लागलं आणि गुडघे धरायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, चालत जा नाहीतर सायकल चालवा. माझ्या एका गिऱ्हाईक बाईच्या जिन्याखाली लेकाची सायकल धूळ खात पडली होती. लेक परदेशी. ‘ने की बाई, मला झाडायचा तरी ताप जाईल,’ म्हणून तिनं ती मला देऊन टाकली. जाड टायर, एडक्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, आणि मागं ना कॅरेज ना पुढं बास्केट. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, ‘ह्येच्यावर भाजी कुठं ठेवायची?’ मी म्हटलं, भाजी तुम्हीच आणा, मी चालले फिरायला.

ती दुरुस्तीला नेली चाचांकडं. चाचा म्हणजे आमच्या भागातले सायकलवाले. त्यांच्या आजोबांपासून दुकान आहे आणि शुक्रवारी दुपारी नमाजाला बंद असतं, एवढं सोडलं तर ते मी कधी बंद बघितलेलं नाही. साठी उलटली तरी अंगात चपळाई. त्यांनी चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, ग्रॅव्हल बाईक हाय ही. डांबरावर पळती, पण हिचा जीव खडीत.’

‘मग खडी कुठली आणायची?’

‘आणायची कशाला? पन्हाळ्याच्या मागं जा की. निस्ती खडी हाय.’

आणि मी गेले. एकटी नाही, चाचाच बरोबर आले, त्यांनी जुन्या सुट्या भागांची जुळवाजुळव करून केलेली सायकल घेऊन. हळूहळू रविवारचे आम्ही पाच-सहा जण झालो. मसाईचं पठार, तिथनं खाली उतरणाऱ्या तांबड्या जांभ्याच्या वाटा, वाटेवरची जुनी गावं. कुठं पडकी वेस, कुठं देवळाच्या मागं वीरगळ उभे, त्यांच्यावर घोडेस्वार कोरलेले आणि त्या घोडेस्वारांवर कुणीतरी वाळत घातलेलं धडुतं. मला हे सगळं इतकं आवडलं की काय सांगू. तीस वर्षं खिडकीतनं जेवढं आभाळ दिसतं तेवढ्यावर काढली होती, आणि इथं डोंगरावर डोंगर रचलेत, कुणी अडवणारं नाही.

अडवणारं नाही असं वाटलं, एवढंच. कारण लवकरच अडवायला लागले. माणसं नव्हे, ऊस, काट्याचं कुंपण, तारा. वाट सरळ चाललेली असायची आणि एकदम एखाद्या वावरात नाहीशी व्हायची. गावात विचारलं की म्हातारे म्हणायचे, ‘पाणंद व्हती हितं. गेली.’ पाणंद म्हणजे दोन वावरांच्या मधनं जाणारी गाडीवाट. ती सरकारी असते, सगळ्यांची असते, आणि म्हणूनच तिला राखणारं कुणी नसतं. दोन्ही अंगाचे शेतकरी नांगरताना दरवर्षी बांध जरासा कोरतात. वीस वर्षांत बैलगाडीची वाट पायवाट होते, चाळीस वर्षांत तीही पिकाखाली जाते. भांडण नाही, तंटा नाही, सगळं कसं शांतपणे.

माझं डोकं फिरलं. मी तालुक्याच्या कचेरीतनं गावांचे नकाशे काढून आणायला लागले. त्या नकाशांवर पाणंद तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेली असते, आपण शिलाईची जागा खडूनं टिंब टिंब करून दाखवतो तशी. ब्लाउजाच्या कटिंगला मी खाकी कागद वापरते, त्याच्यावर त्या रेषा उतरवल्या, एकाला एक गाव जोडलं. पन्हाळ्यापासनं कोकणाच्या बाजूच्या खिंडीपर्यंत सबंध जुना रस्ता तयार झाला. ह्या रस्त्यानं म्हणे खालनं बैलांच्या पाठीवर मीठ वर यायचं आणि वरनं गूळ खाली जायचा. आमच्या ग्रुपात मी छाती फुगवून सांगितलं, ही वाट आपण सबंध पार करायची, एक इंचही डांबरावर न जाता.

आणि जिथं वाट अडलेली दिसली तिथं मी भांडले. तोंडाला काय, लगाम नाहीच. एका गावात एका शेतकऱ्यानं बाभळीचं कुंपण घालून पाणंद आत घेतली होती. मी सायकल आडवी लावून त्याला भर रस्त्यात विचारलं, ‘तुमच्या बापाचा हाय का रस्ता?’

तो तंबाखू मळत होता. त्यानं वरसुद्धा बघितलं नाही. ‘बाई, समद्यांनीच खाल्ल्यात. तुमच्या माहेरात काय सोन्याचं रस्तं बांधून ठेवल्यात व्हय?’

‘आमच्या माहेरात असलं चालत न्हाय,’ मी म्हटलं.

हे मी म्हटलं. पाच माणसांच्या देखत, कमरेवर हात ठेवून. आजही आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

माझं माहेर त्याच वाटेवर आहे, खिंडीच्या अलीकडं. गावाचं नाव लिहीत नाही, गावानं काही केलेलं नाही. खाली गाव, वर डोंगराच्या कुशीत वीसेक घरांची वाडी, आणि दोन्हीच्या मध्ये शेतं. नकाशावर वाडीपासनं गावापर्यंत तुटक रेषा होती. नकाशाच्या मापानं पाऊण किलोमीटर. ती आमच्या वरच्या वावराच्या कडेनं जात असेल, असं मी धरून चालले. कडेनं म्हणजे कुठनं, हे बघायचीही मला गरज वाटली नाही. आमचंच वावर की!

पावसाळा संपता संपता एका रविवारी आम्ही उलट बाजूनं, खिंडीतनं खाली उतरत आलो. तिथं जुनी फरसबंदी अजून शाबूत आहे. मोठमोठे काळे दगड, आणि गाड्यांची चाकं शेकडो वर्षं घासून त्यांत पडलेल्या खोबणी. बोटभर खोल, चार बोटं रुंद. चाचांनी आपलं चाक त्या खोबणीत घातलं आणि लहान पोरासारखे हसले. ‘ताई, बघा की, बसतंय की बरोबर!’ मी सगळ्यांना समजावून सांगत होते, हीच ती चाकोरी, बोलताना आपण म्हणतो ती हीच. मास्तरणीसारखी.

वाडीपाशी आलो तर एक म्हातारी हातात दुधाची किटली घेऊन उभी होती. सत्तरीच्या पुढची, काष्टा घातलेली. मी हेल्मेट-गॉगलात, ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता. मी विचारलं, ‘मावशी, ही वाट खाली गावात निघती न्हवं?’

‘कुठली निघती,’ ती म्हणाली. ‘म्होरं उसात शिरती आन् मरती. गावात जायाचं तर ओढ्याच्या कडंनं वळसा मारा. मीबी तसंच जाती रोज, डेरीला दूध घालाय. तासभर मोडतो.’

‘कुणी काही म्हणत नाही?’

‘कोण म्हणनार? आमचा म्हातारा गेला त्या वळशात. पावसाचं दिस हुतं. छातीत कळ आली. घोंगड्यात घालून चौघांनी उचलला. ऊस मानंएवढा, आत रेंदा, मानूस शिरायचं न्हाय. ओढ्यानं गेलं तर ओढा फुगल्याला. डांबरीवर गाडी हुबी हुती, पर म्हातारा पोचस्तवर गेला हुता.’ हे सगळं तिनं किटलीचं झाकण दाबत सांगितलं, पाऊसपाण्याची बातमी सांगावी तसं.

मी पेटले. म्हटलं आता ह्या माणसाला मी बघतेच. ‘कुणाचा ऊस हाय तो?’

तिनं माझ्या वडिलांचं नाव घेतलं.

मी गॉगल काढला नाही. चाचांनी माझ्याकडं बघितलं, ते नाव त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी भल्या माणसासारखं म्हातारीला विचारलं की दूध म्हशीचं का गाईचं. मी तेवढ्यात सायकल पुढं काढली.

उसापर्यंत गेले. वाट खरोखरच उसात शिरत होती. फरसबंदीचे शेवटचे दोन दगड तर उसाच्या सरीत अर्धे गाडलेले दिसत होते. मी तिथं बसले आणि मग एकेक आठवायला लागलं. नांगरट आली की आबा, म्हणजे आमचे वडील, औत धरणाऱ्याला सांगायचे, ‘एक तास पाणंदीला धरून घे रं.’ एकच तास, एकच ओळ, दरवर्षी. मग नांगरानं उखडलेले दगड वेचून बांधाला टाकायचं काम माझं आणि दादाचं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तो मोठे दगड उचलायचा, मी बारके. पाटीभर दगडाला आबा एक गुळाचा खडा द्यायचे. मी हावरी, दिवसभर वेचायची. तेव्हा मला वाटायचं आपण वावर साफ करतोय. आपण रस्ता उचलतोय हे कुठं ठाऊक होतं? पण उचलला, हे खरं. माझ्या ह्या हातांनी उचलला.

तशीच ओढ्याचा वळसा घालून माहेरी गेले. बाकीच्यांना चाचांबरोबर पुढं पाठवलं. दारात सायकल टेकवली आणि पायरीवर पाय ठेवायला गेले, तर पाय वरच्या वर राहिला.

आमच्या दाराची पायरी म्हणजे एकच भला मोठा काळा दगड. अडीच हात लांब. त्याच्या मधोमध एक खोबण. त्या खोबणीत आम्ही लहानपणी गोट्या सोडायचो, वहिनी कोंबड्यांना पाणी घालते. बोटभर खोल, चार बोटं रुंद. चाळीसेक वर्षं मी त्या दगडावर पाय देऊन आत-बाहेर केलं आणि ही खोबण कशाची असं एकदासुद्धा विचारलं नाही. उलट तो दगड गाडीत घालून आणला त्या दिवशी मी त्याच्यावर बसून, राणीसारखी, घरापर्यंत आले होते.

दादा सोप्यात बसला होता. मी खाकी कागद त्याच्यापुढं पसरला.

‘हे ब्लाउजाचं कटिंग हाय,’ तो म्हणाला.

‘नीट बघ. वाडीचा रस्ता आपल्या उसातनं जातोय.’

त्यानं चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. ‘व्हता कवा तरी. आता न्हाय.’

‘कुठं गेला मग?’

‘आबांनी घेतला. आबांच्या आधी आज्यानं घेतला. पल्याडच्यानंबी त्याच्या बाजूनं घेतला. मी काय एकट्यानं खाल्ला व्हय? आन् तू लई शानी झालीस! सातबाऱ्यावर तुझंबी नाव हाय की. दरवर्षी गुळाची ढेप तुझ्या घरला पोच हुती, ती कशातली असती? तूबी खाल्लायस.’

हे बरोबर होतं. मी ते नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. मी म्हटलं, ‘व्हय, खाल्लाय. म्हणून तर आलोय दोघांनी मिळून ओकायला.’

‘तोड झाल्यावर बघू,’ म्हणाला. दादाचं ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. मग त्यानं दुसरं काढलं. ‘तू आधी त्या हक्कसोडीवर सही कर. आबा जाऊन किती वर्षं झाली. भनी सही करत्यातच की. मग तुझा संबंध न्हाय. रस्ता गिळला तर मी गिळला, पाप लागलं तर मला.’

खरं सांगते, त्याआधी मी ती सही डोळे झाकून केली असती. आमच्यात बहिणी करतातच. साडीचोळी घेतात, सही करतात आणि वर्षाला दोन दिवस माहेरी येऊन जातात. जमीन मला नकोच होती. पण त्या दिवशी मला पक्कं कळलं, माझं नाव त्या कागदावर आहे तोवरच ह्या घरात माझ्या तोंडाला किंमत आहे. मी म्हटलं, ‘करतो की सही. रस्ता मोकळा झाल्यावर करतो. तोवर निम्म्या उसाची मालक हाय मी.’ कोल्हापुरात आम्ही बायका पण ‘करतो’च म्हणतो, त्यात काही नवल नाही, पण त्या दिवशी मी जरा जोरातच म्हटलं.

‘आणि त्या म्हाताऱ्याचं काय?’ मी विचारलं.

दादानं चष्मा खिशात घातला. ‘त्येला खांदा दिलाय मी,’ म्हणाला. ‘घोंगड्याचं एक टोक माझ्या हातात हुतं. गाडीबी मीच बोलावलीती.’

‘वळसा घालून दिलास.’

तो उठला आणि आत गेला. वहिनीनं चहा आणला होता तो तसाच राहिला. मला वाईट वाटलं का? वाटलं. माझा भाऊ वाईट माणूस नाही. मला ताप आला की तो आठ मैल सायकल मारून औषध आणायचा. पण बोललेलं मी परत घेतलं नाही.

त्यानंतर आम्ही बोलायचे बंद झालो. दिवाळीत भाऊबीज आली. नवरा म्हणाला, ‘जाणार हाईस?’ म्हटलं, जाणार तर! ओवाळणं वेगळं आणि रस्ता वेगळा. गेले, पाट मांडला, दादा टोपी घालून तोंड फुगवून बसला. मी ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. चांगली होती, हिरवी, इरकली काठाची. उचलली तर घडीखाली हक्कसोडीचा कागद, वर पेनसुद्धा! मी साडी घेतली, कागद घडी घालून त्याच्या खिशात कोंबला आणि पेन ठेवून घेतलं. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. दादाला हसू आलं होतं, पण मेल्यानं ते गिळलं.

पौष लागला आणि वहिनीचा फोन आला. कुजबुजत. ‘वन्सं, तोड आलीया. शनवारपतुर वावर मोकळं हुतंय. लगीच खोडव्याला पानी सोडायचं म्हणत्यात.’ आणि फोन बंद. ऊस तोडला की बुडख्यातनं परत फुटतो, त्याला खोडवा म्हणतात. एकदा पाणी सोडलं की महिन्याभरात गुडघ्याएवढा ऊस, म्हणजे झालं पुन्हा वर्षाचं.

रविवारी सकाळी आम्ही सहाच्या सहा जण हजर. माझ्याजवळ खाकी कागद, टेप आणि पोतंभर फक्की. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, कबड्डीचं मैदान आखतात ती. वाडीकडच्या टोकाला ते अर्धे गाडलेले दोन दगड धरले, खालच्या टोकाला जुनी चिंच, आणि दोन्हीच्या मध्ये मी मापं घेतली. कापडावर खडूनं आखते तशी फक्कीनं रेघ मारत गेले, एका गाडीच्या वाटेएवढी. वावर मोकळं झालं की जमीन खोटं बोलत नाही. जिथं रस्ता होता तिथले बुडखे बारके आणि पिवळट, खाली दाबून बसलेली खडी. चाचा म्हणाले, ‘ताई, तुमचं कटिंग बरोबर हाय.’

आणि मी सायकलवर बसले. वाडीच्या टोकाकडनं खाली. उसाचे बुडखे म्हणजे काय, तासून ठेवलेल्या सुळ्या! सायकल उडत होती, हातांना झिणझिण्या, दात एकावर एक आपटत होते. पन्नास पावलांत पडले. कोपर सोलपटलं. उठले. पुन्हा बसले. तोवर दादा आला. धावतच आला आणि रेघेच्या मधोमध उभा राहिला, पाय फाकवून, हातात फावडं. पाणी सोडायला निघाला होता.

‘म्होरं येऊ नगंस.’

‘का? वावर माझंबी हाय. माझ्या वावरात मी सायकल चालवीन न्हायतर लोळीन.’

‘गावात तोंड दाखवाय जागा ठेवली न्हाईस मला!’

‘तोंड दाखवाय जागा पायजे तुला, आणि म्हाताऱ्याला डांबरीपतुर जायला जागा नको?’

आम्ही दोघं जाम ओरडत होतो. घशाच्या शिरा ताणून. खालनं गावातली माणसं गोळा व्हायला लागली, वरनं वाडीतली. आणि त्या गोंगाटात ती म्हातारी वरनं खाली येऊ लागली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिची दूध घालायची वेळ झाली होती, एवढंच. किटली घेऊन ती फक्कीच्या दोन रेघांच्या मधनं, बुडखे चुकवत, हळूहळू चालत आली. माझ्यापाशी थांबली. हेल्मेट पडताना निघून गेलं होतं. तिनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं.

‘तू व्हय गं?’ ती म्हणाली. ‘तवा का बोलली न्हाईस?’

‘लाज वाटली, मावशी.’

ती पुढं झाली आणि दादासमोर जाऊन उभी राहिली. ‘सर की बाबा,’ म्हणाली, ‘डेरी बंद हुईल.’

दादानं फावडं खाली घेतलं. माझ्यासाठी तो मेला तरी हलला नसता. पण दुधाची किटली घेतलेल्या म्हातारीला, जिच्या नवऱ्याला त्यानं खांदा दिला होता तिला, तो नाही म्हणणार कसा? तो बाजूला झाला. म्हातारी गेली. तिच्या मागनं वाडीतली आणखी दोघं गेली. मग मी सायकल घेऊन गेले, चढून नव्हे, ढकलत. दादाच्या अंगावरनं जाताना मी त्याच्याकडं बघितलं नाही.

एवढ्यावर थांबेन तर मी कसली! सरळ घरी गेले, गोठ्यातली पहार काढली आणि दाराच्या पायरीखाली घातली. दादा मागोमाग आला. ‘अगं ये! घराची पायरी उकरतीस?’

‘घराची न्हाय, रस्त्याची हाय. चुकून घरात आलीया.’

‘निम्मं घर माझं हाय!’

‘मग निम्मी पायरी तुझी. फोडून ठेवून घे.’

चाचांनी आणि दोघातिघांनी हात लावला, दोर बांधला, पोत्यावर घालून तो दगड ओढत वर नेला. आम्ही तो चिंचेपाशी, वाटेच्या तोंडाला, खोबण वर करून रोवला. दादा दारात उभा होता, पायाखाली हातभर खड्डा. वहिनी आत, जाणाऱ्या पायरीला हळदीकुंकू वाहायला ताट घेऊन उभी की नुसतीच, मला दिसलं नाही.

आता वाट वापरात आहे. माणसं चालली की बुडखे मरतात, खडी वर येते. वाडीत दुचाकी जाते, एकदा पावसाळ्यात ॲम्ब्युलन्सही गेली. आम्ही पन्हाळ्यापासनं खिंडीपर्यंत सबंध रस्ता दोनदा पार केला, कुंपणं आडवी आली तिथं सायकली उचलून. ग्रुपात कुणीतरी लिहिलं, ताईंनी इतिहास वाचवला. इतिहास कसला बोडक्याचा! दूध डेरीला वेळेवर जातं, तेवढं पुरे.

यंदा खोडवा काढून दादानं नांगरट केली. मी गेल्या रविवारी गेले, दगडापाशी उतरले आणि टेप लावला. चार बोटं. ट्रॅक्टरचा पहिला तास तेव्हा फक्कीनं आखलेल्या मापाच्या चार बोटं आत आलेला. रक्तातच आहे हो! मी सायकल आडवी टाकली, तिथंच बसले आणि उखडलेले दगड एकेक करून परत पाणंदीत टाकायला लागले. लहानपणी टाकले त्याच्या बरोबर उलट बाजूला, आणि गुळाशिवाय. ढेकळं उचलून दादाच्या वावरात भिरकावली.

तो बांधावर येऊन उभा राहिला. ‘ट्रॅक्टरवाल्याचा हात सरकला,’ म्हणाला.

‘दरवर्षी सरकणार हाय का त्येचा हात?’

‘सरकला तर?’

‘तर मी दरवर्षी टेप घेऊन येणार. आणि ज्या वर्षी सरकणार न्हाय, त्या वर्षी सही.’

‘म्हणजे करायचीच न्हाय म्हण की.’ तो खाली वाकला, माझ्या पायाजवळचा एक मोठा दगड उचलला आणि वाटेच्या कडेला टाकला. मोठे दगड नेहमी तोच उचलायचा. मग हात झटकून घराकडं वळला. दहा पावलं गेल्यावर, मागं न बघता ओरडला, ‘मापं घेऊन झाली असतील तर चा पिऊन जा.’

मी मागनं गेले. दार उघडं होतं. दोन वर्षं झाली, त्यानं तिथं नवा दगड बसवलेला नाही, सिमेंटही ओतलेलं नाही. खड्डा तेवढा बुजवलाय. घरातली सगळी, वहिनीसुद्धा, तशीच उंच पाय टाकून चढतात.

‘पायरी न्हाय,’ दादा आतनं म्हणाला, ‘बघून चढ.’

मी सायकल भिंतीला टेकवली, गुडघ्यावर हात ठेवला आणि चढले.